घाटातल्या बॉम्बरचे ६१ तुकडे: ओळख पटवतानाच्या नोंदी

तुकडे सह्याद्रीत कोसळलेल्या एका जुन्या लष्करी विमानाचे, तिथल्या एका गावातून आणलेले. ते नेमकं कोणतं विमान हे शोधायचं काम मुंबईत, भांडुपच्या एका गाळ्यात. जागेचं नाव मुद्दाम दिलेलं नाही, कारण नाव बाहेर पडलं की आठवड्याभरात भंगारवाले पोचतात. जमिनीतून आम्ही काहीही उकरलेलं नाही. गावकऱ्यांनी पूर्वीच घरी आणून ठेवलेले तुकडेच घेतले, तेही ग्रामपंचायतीला आणि तहसीलदारांना लेखी कळवून. असलं काम हाती घेणाऱ्याने सुरुवात याच पत्रांपासून करावी.

४ जानेवारी २०२५

टेम्पोतून चार गोण्या आणि सुटे पत्रे उतरवले. गावात गोण्या उघडून पाहिल्या नव्हत्या. ती मोठी चूक होती. तिसऱ्या गोणीच्या तळाशी मातीच्या ढेकळात तीन अख्खी काडतुसं निघाली, टोकाला गोळी शाबूत असलेली. जाडी जवळपास अंगठ्याएवढी, म्हणजे पॉइंट पाच-शून्य मशीनगनची. अशी काडतुसं ऐंशी वर्षांनीही पेटू शकतात. ही गोणी घाटातून मुंबईपर्यंत टेम्पोत हिंदकळत आली होती.

हात न लावता गाळा रिकामा केला, शटर ओढलं, १०० नंबरला फोन केला. बॉम्बशोधक पथकाने काडतुसं नेली, पंचनामा झाला. गाळा दहा दिवस बंद.

गोणी गावातच, उघड्यावर, ताडपत्रीवर ओतायची. नळकांडं, गोळी किंवा स्प्रिंग असलेला बंद डबा दिसला की तिथेच थांबायचं आणि पोलिसांना बोलवायचं. हाडासारखं काहीही दिसलं तरी हेच.

१४ जानेवारी

काम पुन्हा सुरू. धुण्याआधी प्रत्येक तुकड्याला सुतळीने अॅल्युमिनियमचा बिल्ला बांधला आणि वहीत लिहिलं: क्रमांक, कोणाच्या घरातून, घरात कुठे होता, त्यांच्या घरी किती वर्षं. एकूण ६१. शेवटचा रकाना फालतू वाटतो, पण पुढे त्यानेच वाचवलं.

तुकडा १७ वर वायर ब्रश फिरला. पत्र्याच्या आतल्या बाजूला मातीखाली जांभळट शाईची गोल खूण होती, कारखान्यातल्या तपासनिसाचा रबरी शिक्का. ब्रशच्या चौथ्या फटक्याला ती गेली. आधी काढलेल्या फोटोत अर्धं वर्तुळ दिसतं, आतली अक्षरं नाहीत. परत येणार नाहीत.

तेव्हापासूनची पद्धत: डिस्टिल्ड वॉटर, बॅटरीत घालतात तेच, आणि मऊ नायलॉनचा दात घासायचा ब्रश. नळाच्या पाण्यात क्लोरिन असतं, ते शेवटच्या धुण्याला नको. थिनर आणि अॅसिटोन शाई उडवतात, म्हणून आतल्या बाजूला बंदी. कॉस्टिक सोडा अॅल्युमिनियमच खातो. पिवळसर हिरवा प्रायमर दिसला तर तो झिंक क्रोमेट समजायचा. तो विषारी आहे, कोरडा घासून धूळ उडवायची नाही. ओला ठेवायचा, हातमोजे आणि मास्क घालायचा.

धुतलेला तुकडा दोन दिवस पंख्याखाली, मग झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर. मुंबईची हवा खारट. पहिल्या आठवड्यात उघड्यावर ठेवलेल्या दोन तुकड्यांवर पांढरा भुगा वाढलेला दिसला.

१८ जानेवारी

तुकडा ४० म्हणजे डायलचा अर्धा डबा, काच फुटलेली, आकड्यांवर तपकिरी लेप. जुन्या विमानांच्या डायलवर रेडियमचा रंग असतो. तो आता अंधारात चमकत नाही म्हणजे निवला, असा समज आहे. चमकणारं झिंक सल्फाईड मरतं, रेडियम-२२६ चं अर्धायुष्य मात्र १६०० वर्षांचं. कॉलेजच्या प्रयोगशाळेतून गायगर काउंटर आणून पाहिला: गाळ्यात मिनिटाला ३० ठोक्यांच्या आसपास, डायलशी २,१००.

दोन झिपच्या पिशव्या, वर डबा, डब्यावर खूण, आणि अणुऊर्जा नियामक मंडळाला पत्र. डायल उघडायची, खरवडायची किंवा फुंकर मारून साफ करायची नाही. बाहेरून वाचता आलं ते एवढंच: डब्याच्या मागे मुकुटाचा ठसा आणि "६ए" ने सुरू होणारा क्रमांक. मुकुट ब्रिटिश हवाई मंत्रालयाचा, ६ए हा त्यांच्या भांडारातला उपकरणांचा विभाग.

त्या दिवशी वहीत "ब्रिटिश विमान" असं लिहिलं गेलं. ही नोंद आता खोडली आहे. अमेरिकेत बांधलेली विमानं रॉयल एअर फोर्सकडे आली की त्यांत ब्रिटिश रेडिओ आणि उपकरणं बसायची. डायल विमान कोणी वापरलं याबद्दल काही सांगेल, ते कोणी बांधलं याबद्दल नाही.

२६ जानेवारी

कोणी बांधलं हे बोल्ट सांगतात. नागदेवी स्ट्रीटवर आटे मोजायचे गेज घ्यायला गेलं की दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, "बीएसएफ पाहिजे की यूएनएफ?" आमचा प्रश्नही नेमका तोच होता. दोन्ही घेतले, मिळून ₹६४०.

ब्रिटिश बारीक आटा (बीएसएफ) ५५ अंशांचा, अमेरिकी (यूएनएफ) ६० अंशांचा. पाव इंची बोल्टला ब्रिटिश आटे इंचाला २६, अमेरिकी २८. पाच-सोळांश इंचीला २२ आणि २४. तीन-अष्टमांशला २० आणि २४.

आमची चूक अशी झाली की आधी बोल्टचं डोकं मोजलं. पाव इंची ब्रिटिश बोल्टचं डोकं सपाट बाजूंमध्ये ११.३० मिलिमीटर, अमेरिकी ११.११. गंजलेल्या डोक्यावर दोन दशांशांचा फरक व्हर्नियरला कळत नाही. एकाच पत्र्यातले बोल्ट "तीन ब्रिटिश, चार अमेरिकी" असे लिहिले गेले. आटेसुद्धा पाव इंचीवर मोजायला जाऊ नये, १२ मिलिमीटर लांबीत जेमतेम एका आट्याचा फरक पडतो. तीन-अष्टमांशचा बोल्ट शोधावा, तिथे गेज बसतो किंवा बसत नाही. असे पाच मिळाले. पाचही २४ चे, दोघांच्या डोक्यावर उठावदार फुली. अमेरिकी सैन्य-नौदलाच्या एएन प्रमाणाचे बोल्ट.

रिव्हेटही बघितले. अमेरिकी एडी जातीच्या रिव्हेटच्या डोक्यात मधोमध बारीक खळगी असते, डी जातीला उंचवट्याचा ठिपका, डीडी जातीला दोन छोट्या उभ्या रेघा. खळगी आणि गंजाचा खड्डा सारखेच दिसतात, म्हणून आम्ही नियम केला: एकाच रांगेतल्या किमान पाच रिव्हेटांत, बरोबर मध्यावर असेल तरच धरायची. तुकडा ९ वर ११ पैकी ८ मध्ये आहे.

१ फेब्रुवारी

पैसे वाया गेले. अंधेरीच्या एका चाचणी प्रयोगशाळेत चार तुकडे एक्स-रे फ्लुओरेसन्सला (क्ष-किरणांनी धातूतले घटक मोजणारी चाचणी) दिले, नगाला ₹९००. तांबं आलं १.९ ते २.३ टक्के. एवढ्या तांब्याचा पत्रा त्या काळच्या विमानांत सहसा बसत नाही. अहवाल खरा, नमुना चुकीचा दिलेला.

कारण सोपं आहे आणि आधी सुचायला हवं होतं. विमानाच्या पत्र्याला दोन्ही बाजूंनी शुद्ध अॅल्युमिनियमचा पातळ थर असतो, गंज रोखण्यासाठी. पातळ पत्र्यात प्रत्येक बाजूला जाडीच्या साधारण ५ टक्के, म्हणजे ०.८१ मिलिमीटरच्या पत्र्याला ०.०४. यंत्राने थर आणि आतला मिश्रधातू एकत्रच वाचले.

१२ फेब्रुवारी

या वेळी सहा नमुने. पत्र्याची आधीच फाटलेली कड कानशीने दोन-तीन मिलिमीटर उजळली आणि फक्त तीच कड यंत्रासमोर धरायला सांगितली. तांबं ४.२ ते ४.५. अमेरिकी २४-एस मिश्रधातूत ते ३.८ ते ४.९ असतं. पण ड्युरॅल्युमिन या जुन्या विमानी मिश्रधातूतही तांबं चारच्या आसपास असतं. दोघांतला खरा फरक मॅग्नेशियमचा, २४-एस मध्ये १.२ ते १.८, ड्युरॅल्युमिनमध्ये अर्ध्या टक्क्याच्या आसपास. हातातलं यंत्र मॅग्नेशियम नीट पकडत नाही. म्हणून या चाचणीपुढे "संभाव्य" एवढंच लिहिलं.

₹५,४०० घालवण्याआधी मायक्रोमीटर लावला असता तर जवळपास तेवढंच कळलं असतं. ब्रिटिश पत्रा गेजच्या मापात: २२ गेज ०.७१ मिलिमीटर, २० गेज ०.९१. अमेरिकी पत्रा इंचाच्या दशांशात: ०.०३२ इंच म्हणजे ०.८१. आमचे सात पत्रे ०.८० ते ०.८२ मध्ये आले. मात्र मधला २१ गेजचा ब्रिटिश पत्राही ०.८१ चाच असतो, म्हणून हेही "संभाव्य" एवढंच. १.०२ आणि १.६३ मिलिमीटरचे पत्रेही या परीक्षेला लावू नयेत, तिथेही दोन्ही देशांची मापं एकच पडतात.

१५ फेब्रुवारी

तुकडा ३. बाहेरून फिना, म्हणजे हवेने थंड होण्यासाठी पातळ पाती, असलेला इंजिनाचा सिलिंडर, एका बाजूने चेपलेला. व्यास मोजता येत नाही, व्हर्नियर कुठे धरावा तिथे वेगळा आकडा. मग आतून परीघ मोजला. आधी कागदाची पट्टी वापरली, ती ओलसर भिंतीला चिकटून ताणली गेली, तीन वेळा तीन आकडे. मग पॅकिंगची पातळ पोलादी पट्टी आतून दाबून बसवली, जिथे टोकं भेटतात तिथे खूण केली, सरळ करून मोजली: ४३९ मिलिमीटर. पाचही वेळा ४३८ ते ४४०.

परीघ भागिले ३.१४१६ म्हणजे १३९.७, नेमके साडेपाच इंच. ब्रिस्टल पेगॅसस आणि हर्क्युलिस या ब्रिटिश इंजिनांचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) १४६, राईटच्या १४ सिलिंडरी आर-२६०० चा १५५.६. मर्लिन १३७ चं, जवळचं, पण ते पाण्यावर थंड होतं, त्याला बाहेर फिना नसतात. उरलं प्रॅट अँड व्हिटनीचं आर-१८३०, ट्विन वास्प.

हेच इंजिन लिबरेटर या चार इंजिनांच्या अमेरिकी बॉम्बरला असायचं. गाळ्यात टाळ्या पडल्या: लिबरेटर! तेवढ्यात थांबायला हवं होतं. ट्विन वास्प डाकोटातही असतं, कॅटलिना या पाण्यावर उतरणाऱ्या विमानातही असतं. युद्धकाळात भारतात डाकोटा जागोजाग उडत होती. मालवाहू डाकोटाला बॉम्बर म्हणून जाहीर करणं म्हणजे दुसऱ्याच कोणाच्या घरच्यांना आपला माणूस सापडला असं कळवणं. हे विमान पडलं तेव्हा त्यात माणसं होती. त्यांची नावं कुठल्या तरी कागदावर आजही आहेत. त्या कागदापर्यंत आपण चुकीच्या वाटेने जायचं नाही, म्हणून घाई नको.

२२ फेब्रुवारी ते १ मार्च

सात दिवस फक्त आकडे वाचले. गाळ्यातले दिवे बंद, एक एलईडी टॉर्च पत्र्याला जवळजवळ टेकवून, आधी डावीकडून, मग वरून, उजवीकडून, खालून. प्रत्येक बाजूने एक फोटो. समोरून उजेड मारला तर काहीच दिसत नाही. बटर पेपर ठेवून ४-बी पेन्सिलने घासलेला ठसा फोटोपेक्षा अनेकदा बरा येतो.

तुकडा २२ वर हे प्रत्यक्ष घडलं. तळहाताएवढा वाकवलेला कंस, तीन रिव्हेटांची भोकं. फोटोत नुसती पुरळ. बटर पेपरवर आधी "२" उमटला, त्याच्या डावीकडे गोलाईचा खालचा भाग, तो ३ किंवा ८, आणि उजवीकडे दोन तिरप्या रेघा. त्या व्ही आहेत की डब्ल्यूचा अर्धा भाग, यावर अर्धा तास गेला. टॉर्च खालून धरल्यावर उरलेल्या दोन रेघा दिसल्या. ३२-डब्ल्यू, पुढे चार आकडे.

इथे पुन्हा एक चूक सांगायला हवी. तुकडा ३१, ओतीव भाग, त्यावर ठसठशीत उठावदार आकडे होते आणि तीन दिवस आम्ही त्यांच्यावरच डोकं फोडलं. उठावदार आकडा साच्यातून येतो, तो ओतकामाचा नंबर. तयार भागाचा नंबर त्यावर नंतर ठोकलेला असतो, म्हणजे खोलगट, आणि तो वेगळा असू शकतो. आधी खोलगट शोधावा.

कॉन्सॉलिडेटेड कंपनी भागाच्या नंबराची सुरुवात मॉडेलच्या आकड्याने करायची. लिबरेटर मॉडेल ३२, कॅटलिना मॉडेल २८. डग्लसच्या डाकोटाचे नंबर बहुधा सात आकडी सलग असतात. नॉर्थ अमेरिकनच्या बी-२५ वर ६२ किंवा ८२ आणि पुढे डॅश दिसतो. ३२ ने सुरू होणारे नंबर आम्हाला चार तुकड्यांवर मिळाले, चार वेगवेगळ्या घरांतून आलेल्या. एकाच घरातल्या एकाच तुकड्यावर असता तर "संभाव्य" लिहिलं असतं. म्हणूनच "कोणाच्या घरातून" हा रकाना लागतो.

कारखाना मात्र यातून कळत नाही. लिबरेटर सॅन डिएगो, फोर्ट वर्थ, विलो रन, टल्सा आणि डॅलस अशा पाच ठिकाणी बनली, १८ हजारांहून जास्त. नंबरांची पद्धत मॉडेलची आहे. तुकडा १७ वरचा शिक्का असता तर कारखाना सांगता आला असता.

८ मार्च

तुकडा ५, गावात ज्याला "चक्कीचा दात" म्हणत. जड, चुंबक जेमतेम धरतो, गंज जवळपास नाही. कडेला ओळीने छोट्या वक्र पाकळ्या, बोटाच्या पेराएवढ्या, टोकं उष्णतेने निळसर. टर्बोसुपरचार्जरच्या, म्हणजे इंजिनाच्या गरम धुरावर फिरून इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या यंत्राच्या, टर्बाइन चाकाचा तुकडा.

बहुतेक लिबरेटरच्या चारही इंजिनांच्या खाली जनरल इलेक्ट्रिकचा टर्बो असायचा. डाकोटा आणि कॅटलिनाला तो नसतो. बी-१७ या दुसऱ्या अमेरिकी बॉम्बरला असतो, पण तिचं इंजिन नऊ सिलिंडरचं, बोअर १५५.६. ट्विन वास्प आणि टर्बो एकत्र असलेलं पी-४३ हे लढाऊ विमानही होतं, पण त्याच्यावर ३२ चे नंबर येणार नाहीत. बोल्ट, सिलिंडर, नंबर आणि टर्बो या चार गोष्टी एकमेकींवर अवलंबून नाहीत, आणि चारही एकाच विमानाकडे बोट दाखवतात. आज वहीत "लिबरेटर: निश्चित" लिहिलं.

१६ मार्च

तुकडा ५८ आधी आम्ही बाजूला टाकला होता. गोठ्याच्या छपरावरचा नालीदार पत्रा, दोन फूट. गोठ्याचे मालक म्हणाले होते, "आमच्या आज्यानं डोंगरातनं आणलेला. ह्याला कधी गंज चढला न्हाई." बाजारातलाच पत्रा असेल असं वाटलं होतं.

आज चुंबक लावला, चिकटला नाही. नाल्या बाजारातल्या पत्र्याच्या मानाने फारच अरुंद, आणि एका कडेला रिव्हेटांच्या दाट रांगा. लिबरेटरच्या बॉम्बकक्षाची दारं खाली उघडत नसत, ती दुकानाच्या शटरसारखी विमानाच्या कुशीवरून वर सरकत, आणि त्यासाठी नालीदार पत्रा वापरलेला असे. त्यावर नंबर मिळाला नाही, म्हणून "संभाव्य". पण अख्ख्या कामात हातात धरून सर्वात जास्त वेळ पाहिला गेलेला तुकडा हाच.

२२ मार्च

रिकाम्या पुंगळ्या. लांबीने दोन जाती वेगळ्या: ९९ मिलिमीटरच्या पॉइंट पाच-शून्य, ५६ मिलिमीटरच्या पॉइंट तीन-शून्य-तीन. लांब पुंगळ्यांच्या बुडावर एल-सी आणि ४३, म्हणजे लेक सिटी, १९४३. विमान १९४३ च्या आधी पडलेलं नाही, एवढंच यातून निघतं. किती नंतर ते नाही.

आखूड पुंगळ्यांवर के-एफ. हे आपल्या खडकीचं, दारूगोळा कारखान्याचं चिन्ह. ते पाहून पुन्हा कोणीतरी "ब्रिटिश" म्हणालं. वही उघडली: या सहाही पुंगळ्या एकाच घरातून, आणि शेवटच्या रकान्यात "पोरांनी गोळा केलेल्या, पलीकडच्या डोंगरावरून". अपघाताच्या जागेच्या नाहीतच त्या. यादीतून काढल्या, पुरावा ५५ तुकड्यांचा राहिला.

५ एप्रिल

सर्वात अवघड प्रश्न शेवटी आला: हे विमान खरंच युद्धकाळातलं आहे का? युद्ध संपल्यावर कानपूरच्या चकेरीला टाकून दिलेली लिबरेटर हिंदुस्तान एअरक्राफ्टने दुरुस्त करून उडवली आणि भारतीय हवाई दलाने ती १९६८ पर्यंत वापरली. पुण्यातून त्यांच्या सागरी गस्ती चालत. लंडनच्या हेंडनला रॉयल एअर फोर्सच्या संग्रहालयात उभी असलेली केएन ७५१ हीच आपल्याकडे एचई ८०७ होती. सह्याद्रीत लिबरेटर म्हणजे युद्धकाळातलंच, असं धरता येत नाही. त्यात ब्रिटिश डायल आणि १९४३ ची पुंगळी दोन्ही काळांत बसतात.

इथे शेवटचा रकाना कामाला आला. गोठ्याच्या पत्र्यापुढे लिहिलं होतं: "आज्याने आणला, आज्या ४७ सालच्या पावसात वारला." दुसऱ्या घरातल्या म्हाताऱ्या आजींनी वेगळ्याने तेच साल सांगितलं. दोन तोंडी साक्षी, एकमेकांना न विचारता दिलेल्या. तोंडी असल्यामुळे "संभाव्य", पण भारतीय हवाई दलाची लिबरेटर १९४८ पासूनची, म्हणजे हे विमान त्यांच्या आधीचं.

१९ एप्रिल

आजची स्थिती: निश्चित १९, संभाव्य २४, अनिर्णित १२. खर्च ₹१९,४३०, त्यातले ₹३,६०० पहिल्या फसलेल्या चाचणीचे. टेम्पो ₹४,५००, हवाबंद डबे ₹२,०४०, व्हर्नियर ₹१,८५०, बाकी पाणी, जेल, गेज.

नेमकं कोणतं लिबरेटर हे एका गोष्टीने ठरेल: इंजिनाची पट्टी किंवा मशीनगनचा नंबर. अमेरिकी विमान असेल तर हरवलेल्या वैमानिकांच्या अहवालात चारही इंजिनांचे आणि सगळ्या मशीनगनचे क्रमांक लिहिलेले असतात, एक जुळला की नावं मिळतात. रॉयल एअर फोर्सचं असेल तर अपघाताचं कार्ड, फॉर्म ११८०, हेंडनच्या संग्रहालयात. दोन्हीकडे पत्रं गेली आहेत, ३२ चे नंबर, टर्बोचे फोटो आणि पेन्सिलचे ठसे जोडून. पत्रात "सापडलं" हा शब्द वापरलेला नाही.

गावात निरोप दिला आहे: कोणाकडे पितळी किंवा अॅल्युमिनियमची, चार भोकांची, अक्षरं कोरलेली पट्टी असेल तर घासू नका, तशीच दाखवा. दोन घरांत चुलीजवळ "इंग्रजी पाटी" होती असं कळलंय. गोठ्याच्या मालकांना पत्र्याच्या बदल्यात नवा पत्रा पावसाआधी बसवून द्यायचा आहे. माप घेतलं, साडेसहा फूट बाय अडीच.